राजाच्या पायावरचा डाग

४ फेब्रुवारी, मंगळवार

कान चुकलेत! तीन महिने त्या दगडी राजासमोर उभी राहतेय. भिंग लावून, दिवा लावून, एक्स-रे काढून. आणि कान दिसले कोणाला? मनोहरकाकांना! गॅलरीच्या दारात दिवसभर उभे राहणाऱ्या गार्डना!

सकाळी मी शिडीवर होते. काका खालून म्हणाले, "कादंबरी, याचे कान याचे नाहीत गं." मी म्हटलं, काय काका, सकाळी सकाळी! तर म्हणाले, "अकोल्याच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली बेटा. पोरांनी चेहरा एकाचा आणि कान दुसऱ्याचे काढले की मला लगेच कळायचं. याचा चेहरा बघ, गुबगुबीत, हसरा, पंचविशीतला. आणि कान? केवढे पसरट, पुढे आलेले! कुण्या दमलेल्या माणसाचे कान आहेत हे."

उतरले. दहा पावलं मागे गेले. बघितलं. खरंच की!

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असे कान इजिप्तच्या बाराव्या घराण्यातल्या राजांचे असतात. त्यांच्या मूर्ती म्हणजे जड पापण्या, गालांवर घड्या, ओठांच्या कडा खाली उतरलेल्या, आणि हे असे सुपाएवढे कान. आमच्या लेबलवर लिहिलंय एकोणिसावं घराणं. म्हणजे सहाशे वर्षांनंतरचं. कारण नाव त्या राजाचं कोरलंय ना! पण नंतरच्या राजाने आधीच्याची मूर्ती उचलली असेल, चेहरा घासून स्वतःचा केला असेल, जुनं नाव खोडून आपलं घातलं असेल तर? असं ते सर्रास करायचे. चेहरा बदलला, कान राहून गेले. कारागीर कंटाळला असेल बिचारा.

मी इथे अमेरिकेत, म्युझियममध्ये केमिस्ट म्हणून आलेय, मूर्तीची साफसफाई करायला. एक वर्षाची फेलोशिप. आणि शोध लावतात गार्ड. छान!

५ फेब्रुवारी, बुधवार

कॅरलला कानांचं सांगितलं. कॅरल माझी बॉस, साफसफाई-दुरुस्तीची सगळी लॅब तिच्या हाताखाली. चष्मा कपाळावर चढवून पाच मिनिटं बघत राहिली, मग म्हणाली, इंटरेस्टिंग, मोजमापं घे. तिच्या तोंडून इंटरेस्टिंग म्हणजे आपल्याकडचे फटाके!

"कोणाच्या लक्षात आलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "असंच बोलता बोलता." काकांचं नाव का नाही घेतलं मी? आत्ता लिहिताना लाज वाटतेय.

दुपारी काकांशी गप्पा. त्यांचा प्रश्न साधा होता. चेहरा म्हातारा केला, तर अंग तरुण का ठेवलं? खरंय, बाराव्या घराण्याची ही गंमतच आहे. तोंडावर सगळ्या जगाची काळजी आणि खाली छाती-दंड पैलवानासारखे. मला जे माहीत होतं ते सांगितलं. ही मूर्ती म्हणजे फोटो नव्हे. ती राजाला राहायला केलेली जागा. मंत्र म्हणून, छोट्या हत्याराने ओठांना स्पर्श करून तिचं तोंड उघडायचे. मग ती श्वास घेणार, खाणार, ऐकणार. असं अंग म्हातारं कशाला ठेवतील? त्याला हजारो वर्षं बसायचंय!

"म्हणजे प्राणप्रतिष्ठाच की!" काका म्हणाले. "आणि चेहरा?"

चेहऱ्याचं कोणालाच नक्की माहीत नाही. सगळ्यात जुन्या राजांचे चेहरे देवासारखे शांत, कशाचंच काही नाही. मग मध्ये खूप वर्षं सगळं मोडलं, राजे एकमेकांत भांडले, आणि सावरल्यावर जे राजे आले त्यांनी असे दमलेले चेहरे करून घेतले. मी जागा आहे, मला काळजी आहे, मी ऐकतोय, असं म्हणायचं असेल. कान मोठे ते त्यासाठीच, असं काहीजण म्हणतात.

काका म्हणाले, "आणि पुढचा म्हणाला, आता सगळं मजेत चाललंय, काळज्या घासून टाका! अगं, साहेब बदलला की दारावरची पाटी बदलतात तसं." हसून हसून मला ठसका लागला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कान मोजले. चेहऱ्याच्या मानाने जवळपास सव्वापट मोठे. मास्तर पास!

८ फेब्रुवारी, शनिवार

हर्नडनला काकांकडे जेवायला गेले होते. ज्वारीची भाकरी, झुणका, लसणाची चटणी. सहा महिन्यांनी भाकरी! चार खाल्ल्या, पाचवी नको नको म्हणत खाल्ली.

यतीन, म्हणजे त्यांचा मुलगा, आयटीत. तो आणि सून दिवसभर ऑफिसात. काका-काकू सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे कायमचे आले. काका भांडी पुसत असताना नीलाकाकू मला हळूच म्हणाल्या, "पहिली दोन वर्षं हे खाली बेसमेंटमध्येच बसून असायचे गं. चित्र नाही, बोलणं नाही, काही नाही. ड्राइव्ह करता येत नाही, जाणार कुठे? मला वाटलं, गेला हा माणूस. तुमच्या म्युझियममध्ये लागले आणि परत माणसात आले. युनिफॉर्मला रोज स्वतः इस्त्री करतात. मला हात लावू देत नाहीत!"

माझे केस बघून काकूंनी कपाळाला हात लावला. इथल्या पाण्याने गळून गळून शेपूट राहिलंय. लगेच आतून बाटली आली. स्वतः केलेलं तेल. खोबरेल, त्यात जास्वंदीची फुलं उकळून, आणि भरपूर कापूर. "दर रविवारी चोळ. यांचे केस बघ या वयात!" काकांचे केस खरंच दाट आहेत, आणि कायम चापून बसवलेले, चकाकणारे. डबा उघडावा तसा वास येतो कापराचा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

राजाच्या शेजारी एका अधिकाऱ्याची शिळा आहे, गुडघाभर उंचीची. काकांनी विचारलं, यावर काय लिहिलंय? मी म्हटलं, मला वाचता येत नाही पण भाषांतर आहे आमच्याकडे. आणून वाचून दाखवलं. अहो जिवंत माणसांनो, इथून जाणाऱ्यांनो, म्हणा, याला हजार भाकरी, हजार घागरी बिअर, हजार बैल, हजार बदकं! नुसता तोंडचा वाराच तर आहे, त्याने तुम्ही दमणार नाही, आणि आमचं भलं होईल.

काकांनी वाकून शिळा जवळून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे द्यायचं काहीच नाही? नुसतं म्हणायचं?"

नुसतं म्हणायचं. म्हटलं की त्याला पोचलं. तोच तर त्या शिळेचा उद्योग. नातवंडं-पतवंडं कधीतरी नैवेद्य ठेवायची विसरणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! मग येणाऱ्या-जाणाऱ्यालाच साकडं घालून ठेवलं.

काकांनी खिशातून वही काढली. छोटी, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. त्यात उतरवून घेतलं. "बिअर म्हणायला जरा जड जातं गं. ताक म्हटलं तर चालेल का?"

म्हटलं, हजारो वर्षं तहानलेल्याला ताक चालेल.

मग राजाकडे बघून म्हणाले, "याच्यावर असं काही लिहिलेलं नाही?" नाही. राजा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मागत नाही. राजा देवांना देतो, देव राजाला देतात. त्याचं सगळं वरच्या वर. पुजारी असायचे त्याच्या मूर्तीचं करायला.

"ते पुजारी तर कधीच गेले. आणि याला मागायची लाज. मी म्हणत जाईन त्याच्यासाठी," काका म्हणाले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दहाला दहा कमी. गॅलरी उघडायच्या आधी मी खांबामागून चालले होते. काकांचा आवाज आला. "हजार भाकरी, हजार घागरी ताक, हजार बदकं…" बैल गाळले वाटतं! पाठमोरे होते. मग वाकलेले दिसले, राजाच्या पायांच्या दिशेने. मी गुपचूप निघून आले. असं बघू नये कोणाचं.

मूर्तीचं नाक फोडलेलं आहे. श्वास बंद व्हावा म्हणून फोडायचे. म्हणजे ज्याने फोडलं त्याचाही मूर्तीवर तेवढाच विश्वास होता! नाहीतर कोण एवढी मेहनत घेतं?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डाग! उजव्या पायाच्या बोटांवर, हाताच्या पंज्याएवढा. काळपट, जरासा चकचकीत. आधीही होता, पण वरून दिवा टाकून बघितला की दिसत नाही. आज बाजूने टाकला आणि उठून दिसला.

कॅरल म्हणाली, मळ. शंभर वर्षांपूर्वी विकणाऱ्यांनी मूर्ती चकाकावी म्हणून मेण फासलं असेल, त्यावर धूळ बसली. साफ कर. प्रदर्शन एप्रिलमध्ये आहे.

पण माझ्या डोळ्यांसमोर आजोळचा मारुती आला. लहानपणी आम्ही मारुती म्हणजे एक मोठा केशरी गोळा समजायचो. शेंदूर आणि तेल, पिढ्यान्‌पिढ्या. एका वर्षी शेंदराची खोळच्या खोळ सुटून पडली आणि आत बारीक कोरलेला, मिशीवाला, भलताच देखणा मारुती! गावातले म्हातारे रडले होते. ती खोळ कोणी मळ म्हणून खरवडली नाही. नदीला नेऊन सोडली, वाजतगाजत.

इजिप्तच्या देवळांतही पुजारी रोज सकाळी गाभारा उघडायचे, मूर्तीला धूप दाखवायचे, वस्त्र नेसवायचे, सुगंधी तेल लावायचे. करंगळीने! आणि परत निघताना स्वतःच्या पावलांचे ठसे झाडून टाकायचे. मग या पायांवरही कोणी तेल घातलं असेल तर? तीन हजार वर्षांपूर्वीचं तेल! खरवडून कसं चालेल?

कॅरलला सांगितलं. ती म्हणाली, ठीक, आधी नमुना घे, मग साफ कर. बाई चांगली आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

काकूंचं तेल चोळून चोळून लावलं. डोकं शांत. उशीला कापराचा वास. उद्या म्युझियम बंद, उद्याच नमुने.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घेतले! गॅलरीत मी एकटी आणि तो राजा. गुडघ्यांवर बसून काम. सॉल्व्हंटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, चिमट्याने नाही, हातानेच हलका फिरवायचा, मग बाटलीत. बोटांवरून तीन नमुने. ग्लोव्ह्ज घातले की केसांना कसं कळतं कोण जाणे! तीच एक बट सारखी डोळ्यावर. सारली कानामागे, परत आली, परत सारली.

सगळ्यात शेवटी, नियमाप्रमाणे, एक कोरा बोळा. तेच सॉल्व्हंट, तेच हात, पण मूर्तीला न लावता सरळ बाटलीत. कापसात किंवा दुसरीकडे कुठे भानगड असेल तर ती यात पकडली जाते.

जवळून बघितलं तर राजाच्या पायाची नखंसुद्धा कोरलीत. कोण बघणार होतं तिथे? देवळाच्या अंधारात? बघायला नव्हतीच ना ती मूर्ती. असायला होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कॉन्फरन्सला पाठवायचा सारांश शुक्रवारी द्यायचाय. लिहून काढला. "राजमूर्तीच्या पायांवर अभ्यंगाचे अवशेष?" शेवटचं प्रश्नचिन्ह कॅरलने टाकायला लावलं.

युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये प्रीताला बाटल्या दिल्या. ती इथलीच, आईवडील मराठी. मला ताई म्हणते आणि बाकी सगळं इंग्लिशमध्ये. नमुने तपासायचं मशीन फुल्ल. स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीआधी तीनच जागा मोकळ्या. प्रीता म्हणाली, "ताई, रन द ब्लँक फर्स्ट. प्लीज." मी म्हटलं, अगं, तीन जागा, तीन नमुने, कोरा बोळा नंतर चालव, तो काय पळून जातोय? ती म्हणाली, "दॅट्स नॉट हाउ इट वर्क्स." पण ऐकलं तिने. माझा चेहरा बघून ऐकलं असेल.

६ मार्च, गुरुवार

निकाल आला. खोबरेल तेल. तिन्ही नमुन्यांत.

आधी वाटलं, मी चुकीचं वाचतेय. खजुराच्या बियांच्या तेलातही थोडं असंच काही निघतं, म्हणून अर्धा तास आशेवर होते. मग खालची ओळ वाचली. कापूर! कापूर उघड्यावर टिकतो किती? काही दिवस. म्हणजे तीन हजार वर्षं नाही, तीन दिवसही नसतील.

खोबरेल आणि कापूर. घरी येऊन बाटलीचं झाकण उघडलं. वास घेतला. घ्यायची गरजच नव्हती.

काका!

रोज सकाळी पायांवर हात ठेवून नमस्कार. केसांना लागलेला हात. तसाच पायांना. चार वर्षं! मी त्यांना वाकलेलं स्वतः बघितलंय. रडू आलं मला. सारांश गेला बोंबलत, ते वेगळंच. पण काकांचं आता काय करू?

७ मार्च, शुक्रवार

विचारलं. चहाच्या सुट्टीत, मागच्या बाकावर. काका, तुम्ही राजाच्या पाया पडता ना?

"हो," म्हणाले. लाजले थोडे. "तू ऐकलंस वाटतं?"

हात लावता?

"छे छे! मी हात लावत नाही बेटा. दोरीच्या अलीकडून. लांबूनच." आणि मग जरा नवल वाटून, "हात लावू नका हे सांगायलाच तर उभा आहे मी तिथे."

मी डागाचं सांगितलं. तेलाचं सांगितलं. कापराचं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मग कसं लागलं असेल गं?" खरोखरच विचारत होते. त्यांना जाणून घ्यायचं होतं!

मला विश्वास नाही बसला. खोटं बोलतात असं नाही. पण सवय असते. देवळात आपला हात आपोआप पायाशी जातो, नंतर आठवतही नाही. मी आपल्या माणसांतच वाढलेय, मला माहीत नाही का? अमेरिकन माणसाच्या डोक्यातही आलं नसतं, माझ्या आलं.

९ मार्च, रविवार

इथे आजपासून उन्हाळी वेळ, घड्याळं एक तास पुढे. तेल लावलं नाही. वासच नको झालाय.

१० मार्च, सोमवार

कॅरलने अहवाल वाचला. आजचं खोबरेल तीन हजार वर्षांच्या मूर्तीवर कसं, तिने विचारलं. मी म्हटलं, कोणीतरी हात लावत असणार. "कोण, काही अंदाज?"

गप्प बसता आलं असतं. प्रेक्षक असतील म्हणता आलं असतं. पण दोरी मूर्तीपासून चार फूट लांब आहे, प्रेक्षकांचा हात पोचत नाही. आणि दगडाचं नुकसान होत असेल तर? माझं कामच ते आहे. मी स्वतःला हे तीनदा सांगितलं आणि नाव घेतलं. कानांच्या वेळी नाही घेतलं. आज घेतलं!

कॅरलला वाईट वाटलं, दिसत होतं. तिलाही मनोहर आवडतो, सगळ्यांनाच आवडतो. म्हणाली, चौकशी होईपर्यंत गॅलरीत नको. गार्ड बाहेरच्या कंपनीचे आहेत, आमच्या हातात काही नाही.

११ मार्च, मंगळवार

दारात दुसराच माणूस. फोनमध्ये बघत होता.

१२ मार्च, बुधवार

यतीनचा मेसेज. "बाबांना कंपनीने कॉल केला, नको येऊ म्हणून. ॲक्च्युअली काय झालं ताई? ते काही सांगत नाहीत." तासभर तसाच ठेवला. मग लिहिलं, चौकशी चालू आहे. मला माझीच चीड आली. चौकशी म्हणे!

१५ मार्च, शनिवार

काल पुढच्या डेस्कवर माझ्या नावाचं पाकीट होतं. नीलाकाकू देऊन गेल्या म्हणे, बसने, दोन बदलून. मला न भेटता. आज उघडलं, काल हिंमत नव्हती.

चित्र! पेन्सिलचं. आमचा राजा. पण पहिला. चेहरा घासायच्या आधीचा. जड पापण्या, गालांवर घड्या, नाक शाबूत. आणि त्याचे ते कान, या चेहऱ्यावर अगदी बरोब्बर बसलेले! एवढे दिवस मी आकडे जुळवतेय. मास्तरांनी माणूसच काढून दाखवला. दमलेला आहे, पण ऐकून घेईल असा.

खाली चिठ्ठी. "कादंबरी, बोलताना प्रमाण नीट सांगता येत नव्हतं म्हणून काढून पाठवतो. उभ्या उभ्या काढत होतो, आता घरी बसून पुरं केलं. डाव्या कानाची पाळी तुटली आहे, तिकडे लक्ष दे, तिथे जुनी छिन्नी दिसेल. नीलाने विचारलंय, तेल संपलं का. मनोहर."

राग नाही. एक शब्द नाही त्या बाबतीत! राग असता तर बरं झालं असतं.

बराच वेळ चित्र बघत बसले. खालच्या कडेला दोरीसुद्धा काढलीय, पितळी खांबांसकट, आणि दोरीमागे लहान होत गेलेले पाय. जे दिसतं ते सगळं काढायचं, मास्तरांची शिस्त. बोटांवरचा डागही काढलाय! मला चार महिन्यांनी दिसला तो. चित्र केव्हाचं आहे पाहिलं. चित्रावर सुरुवातीची तारीख आहे, २२ नोव्हेंबर. मी तेलाची बाटली उघडायच्या कितीतरी आधीची.

बाटलीचं कशाला लिहिलं मी इथे? असो.

१७ मार्च, सोमवार

डाव्या कानाची पाळी बघितली. जुनी छिन्नी आहे. कॅरलने लेबल बदलायला सांगितलं. बारावं घराणं, एकोणिसाव्यात पुन्हा कोरलेली. मी म्हटलं, हे मनोहरकाकांनी शोधलं. कानही त्यांनीच. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, मग आधी का नाही सांगितलंस?

गॅलरी रिकामी होती. दोरीच्या अलीकडे उभं राहून म्हणायचा प्रयत्न केला. हजार भाकरी, एवढंच आलं. पुढे जमेना.

१९ मार्च, बुधवार

प्रीताचा मेल. कोरा बोळा चालवला. खोबरेल, कापूर. तितकंच.

तो बोळा राजाला लागलाच नव्हता. फक्त माझ्या, केस सारलेल्या हाताला लागला होता.

चूक माझी, असं कॅरलला लिहून दिलं आणि हर्नडनला फोन केला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, "बोल गं. हे खाली बेसमेंटमध्ये बसलेत, बोलावू का?"